साडूंच्या मशीनला कंठ फुटतो

आमच्या साडूंइतका माणसाच्या तोंडाकडे टक लावून बघणारा गृहस्थ दातांच्या डॉक्टरांतसुद्धा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुम्ही त्यांना पावसापाण्याचं विचारा नाहीतर घरातलं गाऱ्हाणं सांगा, त्यांची नजर तुमच्या डोळ्यांवर कधीच नसते. ती तुमच्या ओठांवर असते, आणि मधूनच मान तिरकी करून तुमची जीभ नेमकी कुठं टेकते तेही ते बघून घेतात. त्यांच्या पुतणीला बघायला पेठ वडगावची मंडळी आली होती. मुलगा गरीब स्वभावाचा. यंदा शेतात काय केलंय असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो ‘भुईमूग’ म्हणाला. झालं, साडूंनी खुर्ची पुढं ओढली. “पावणं, परत एकदा भुईमूग म्हणा की.” मुलगा म्हणाला. “आता जरा सावकाश.” मुलानं सावकाश म्हटलं. “आता नाक धरून.” इथं मुलाच्या मामांचा चेहरा उतरला. आपला भाचा तोतरा आहे अशी कुणीतरी चुगली केली असणार आणि ही माणसं खात्री करून घेताहेत, असा त्यांचा समज झाला. त्यांनी आपण होऊन टीपॉयवरचं वर्तमानपत्र उचललं आणि मुलाकडून अर्धा अग्रलेख मोठ्यानं वाचून घेतला. लग्न ठरलं. वडगावात अजून आमच्या साडूंचा विषय निघाला की ‘लई चौकस माणूस’ असं म्हणतात. साडू फक्त ‘भ’ कसा निघतो ते बघत होते.

हे सगळं कशासाठी, तर त्यांना मशीनला बोलायला शिकवायचं होतं. मंगळवार पेठेत एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. बेंजो पार्ट्या, ऑर्केस्ट्रे, भजनी मंडळं यांचे बिघडलेले कीबोर्ड दुरुस्त करणं हा धंदा. जोतिबाची चैत्रातली यात्रा झाली की पुढचे पंधरा दिवस दुकानात येणारा प्रत्येक कीबोर्ड गुलालानं भरलेला असतो; साडू तो उघडून आत जोरात फुंकर मारतात आणि ते स्वतः, समोर बसलेलं गिऱ्हाईक आणि त्या गिऱ्हाइकासाठी आलेला चहा असे सगळे गुलाबी होतात. दुरुस्तीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही हे मी साडू असूनही मान्य करतो. अडचण एवढीच की वस्तू जशी आली तशी परत देणं त्यांच्या रक्तातच नाही. एका भजनी मंडळाच्या कीबोर्डात त्यांनी तंबोऱ्याच्या जागी माणसाचा ‘आ’ बसवून दिला आणि सांगायला विसरले. भर भजनात सगळे टाळकरी गप्प झाले तरी कुणीतरी एकजण ‘आ’ लावूनच बसलाय म्हणून बुवा वळून वळून एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. मंडळ तक्रार घेऊन आलं तेव्हा साडूंनी विचारलं, “आधी ह्ये सांगा, बुवा फसलं का न्हाय?” बुवा फसले होते हे सगळ्यांनी कबूल केलं. मग साडूंनी सगळ्यांना चहा पाजला.

त्यांचा खरा जीव मात्र दुकानाच्या मागच्या बाजूला ठेवलेल्या एका जुन्या सिंथेसायझरवर. पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलात गाणाऱ्या ऑर्केस्ट्रावाल्यानं धंदा बंद करताना तो मोडीत काढला आणि साडूंनी तो लहान मुलासारखा मांडीवर घेऊन एसटीनं खाली आणला. दोघांनी उचलायची वस्तू. त्याची निम्मी बटणं गळून पडली होती, त्या जागी साडूंनी टूथपेस्टची टोपणं बसवली आहेत. त्यामुळं ‘जरा लाल टोपण फिरवा’ किंवा ‘पांढरं टोपण मागं घ्या’ अशी त्यांची शास्त्रीय भाषा आहे. मी हायस्कुलात मराठी शिकवतो म्हणून साडू मला मास्तर म्हणतात आणि बोलण्याच्या बाबतीतलं त्यांचं सगळं तत्त्वज्ञान माझ्यावर ओततात. “माणसाच्या गळ्यात काय असतंय ठावं हाय, मास्तर? नुस्ता एक भुंगा. तुमचा काय, माझा काय, भुंगा घूं घूं करतोय एवढंच. करामत सगळी तोंडाच्या खोलीची. ह्या खोलीची दारं-खिडक्या हलवल्या की त्येच्याच घूंचा आ हुतोय, ई हुतोय, ऊ हुतोय.” हे त्यांनी मला एका लग्नात, पंगतीला बसलेले असताना, स्टीलचा पेला तोंडाला लावून दाखवलं. पेला जवळ नेला की ऊ, लांब नेला की ओ, तिरका केला की आ. शेजारच्या पंगतीतल्या दोन म्हाताऱ्या जेवायच्या थांबल्या. वाढप्याला वाटलं पाणी मागताहेत. त्यानं तीन वेळा पेला भरला आणि साडूंनी तीन वेळा तो माझ्या ताकात ओतला.

मशीनमध्ये भुंगा आधीपासून होताच. साडूंनी त्याला खोली बांधायला घेतली. दोन वर्षं त्या जिन्याखालून नुसते आ, ई, ऊ ऐकू येत होते आणि रस्त्यानं जाणारी माणसं ‘कुणाचं पोरगं रडतंय’ म्हणून आत डोकवायची. मग एका रविवारी सकाळी साडूंचा मला फोन. फोनवर ते काहीच बोलेनात, नुसते श्वास घेत होते. मी तसाच चपला अडकवून धावत गेलो. साडू म्हणाले, “बसा.” आणि त्यांनी पट्टी दाबली. मशीन म्हणालं, “व्हय.” अगदी स्वच्छ, ठसठशीत, रंकाळ्यावर फिरायला आलेल्या एखाद्या जाडजूड माणसानं म्हणावं तसं ‘व्हय’. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी खोटं कशाला सांगू, मी उठून उभा राहिलो. आजवर मी त्यांची यथेच्छ टिंगल केली होती, आणि त्या एका शब्दासरशी मी त्यांच्या पक्षात गेलो. साडूंचं म्हणणं, मशीनला सगळ्यात सोपी भाषा कोल्हापुरी. “हाय म्हणायला जरा वारा सोडायचा आणि आ वरनं ई वर घसरायचं. न्हायला तेवढी नाकातनं सुरवात. आन् व्हयला तर ओठ उघडलं की काम फत्ते. तुमचं ते ‘आहे’ आन् ‘होय’ मशीनला पेलत न्हाय, मास्तर. नाद खुळा भाषा हाय आपली.” शुद्धलेखनाच्या वह्या तपासून डोळे गेलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. एवढ्यात आक्का, म्हणजे माझी मेहुणी, ओल्या हातांनीच वरच्या घरातून खाली आली. “इचार त्येला काय बी,” साडू म्हणाले. आक्कानं कमरेला पदर खोचला. “दळण आणायला जाणार का?” मशीन म्हणालं, “व्हय.” “मोरीचा नळ नीट करणार का?” “व्हय.” आक्का क्षणभर त्या डबड्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ह्येला राहू दे घरात. तुमीच ऱ्हावा दुकानात.”

साडूंचा आणखी एक रोग म्हणजे आवाजातला कचरा काढणं. कुणाचं बोलणं त्यांना पसंत पडलं की ते फोनवर टिपून घेतात आणि मग निवडत बसतात. श्वासाचा आवाज काढ, ओठांचा चपचपाट काढ, मागची रिक्षा काढ. गल्लीतल्या यच्चयावत माणसांचे निवडून, पाखडून ठेवलेले आवाज त्यांच्याकडे आहेत. आवाज ऐकताना त्यांना घरात चिटपाखरू चालत नाही. फ्रिज बंद, पंखा बंद, आक्काच्या बांगड्यासुद्धा काढून ठेवायच्या. एकदा त्यांनी बंद केलेला फ्रिज चालू करायचं राहून गेलं आणि दोन दिवसांचं दही, लोणी आणि आक्काचा स्वभाव असं सगळं एकदमच नासलं. तरी आक्का त्यांना सांभाळून घेते. ती म्हणते, “बाकीच्यांचं नवरं बायकूचं ऐकतच न्हाईत. ह्यो ऐकतो तरी. बोलल्यालं त्येला कळत न्हाय एवढंच.”

आता आण्णांचं सांगतो. मागच्या गल्लीत राहणारे हे गवळी, साडूंचे बालमित्र. रतीब सगळ्या गल्लीला त्यांच्याच दुधाचा. त्यांच्या पाच म्हशींत हरणी नावाची म्हैस म्हणजे आण्णांच्या गळ्यातला ताईत. पारडी होती तेव्हापासून तिला त्यांनी हातानं चारलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवून रस्त्यानं पळवतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, शिंगांना रंग, पाठीवर नक्षी, आणि पुढं मालक मोटारसायकलवर. फटाके, बँड, गाड्यांचा धूर, हजार माणसांचा आरडाओरडा, आणि त्या गोंधळात आण्णांनी नुसती हाक मारली की हरणी गर्दी फोडून त्यांच्या मागं धावत यायची. त्या दिवशी आण्णा पेठेचे राजे असत. त्यांच्या हाकेत एक गोडवा होता, खरखरीत पण गोड, आणि शेवटाला आवाज किंचित फाटायचा. पहाटे ते रस्त्यावरच्या नळावर बादली धुऊन अंगणाच्या फाटकापाशी आले की हाक मारायचे आणि गोठ्यापर्यंत पोचेस्तोवर हरणीला पान्हा फुटलेला असायचा.

मागच्या साली आण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. महिन्यानं ते घरी आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. बोलायचं ते हातानं, आणि जे हातानं सांगता येत नाही ते सोडून द्यायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसलं. एका सकाळी रतीबाचं दूध कमी आलं म्हणून मी आणि साडू बघायला गेलो तेव्हा आण्णा गोठ्याबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते आणि काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, रिकामी बादली धूत होत्या. “बाकीच्या चार देत्यात,” काकी म्हणाल्या, “हरणीच थेंब सोडंना. ह्येंनी जवळ गेलं की लाथ झाडतीया. अंगाला औषधाचा वास, आन् त्वांडातनं शबूद न्हाय. जनावर तरी काय करंल? वळखच द्याला न्हाय त्येनला.” आण्णा दुसरीकडे बघू लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी म्हशीला इंजेक्शन सुचवलं होतं, त्याला आण्णांनी मान हलवून नको सांगितलं होतं. असंच चाललं तर हरणी आटणार. सोमवारच्या वडगावच्या बाजारात तिला घालायची असं त्यांनी हातानंच दाखवलं होतं आणि टेम्पोसुद्धा सांगून ठेवला होता. दुधाचं दुःख नव्हतंच ते. आपण हातानं वाढवलेली म्हैस आपल्याला परका माणूस समजते, हे त्यांना रोज दोन वेळा बघवत नव्हतं.

साडू आण्णांच्या तोंडाकडे बघत होते. पहिल्यांदाच तिथं त्यांना बघण्यासारखं काही हलत नव्हतं. मग ते ताडकन उठले. “आण्णा, आज सोमवार हाय. टेम्पो फुडच्या सोमवारी येऊ द्या. मला एवढा एक आठवडा द्या. माझी मशीन हरणीला हाक मारंल.” आण्णा हसले. आवाज नसलेलं हसणं फार वाईट दिसतं. पण त्यांनी हात वर करून आठवडा दिला.

तुम्ही म्हणाल, साडूंनी गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज टिपले होते, मग आण्णांची हाक वाजवायची की सरळ. मीही तेच म्हणालो. साडूंच्या फोनवर ती होतीसुद्धा, दोन वर्षांपूर्वी घराच्या मागच्या खिडकीतून टिपलेली, पण नेमकी आक्कानं चटणीचा मिक्सर लावला होता तेव्हाची. ती वाजवून बघितली तेव्हा हरणी मिक्सरला बुजली आणि दावं तोडायला निघाली. मिक्सर काही केल्या निवडून निघेना, तेव्हा टिपलेला आवाज फक्त नमुन्याला. मशीनलाच हाक मारायला शिकवायचं ठरलं. ‘हरणे, ये गं बाय ये.’ एवढीशी हाक, पण तिनं आम्हां दोघांना रडवलं. ‘ह’ला नुसता वारा लागतो, तो तासाभरात झाला. ‘र’साठी आवाज पापणी लवण्याइतका वेळ बंद करून परत सोडायचा, ते मंगळवारी जमलं. ‘ण’ मात्र येईना. मशीन कधी ‘हरने’ म्हणायचं, कधी ‘हरडे’. बुधवारी मी शाळेला चक्क रजा टाकली आणि दुकानात स्टुलावर तोंड उघडून बसलो. साडू एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात चहाचा चमचा घेऊन माझ्या जिभेचा मुक्काम शोधत होते. “म्हणा, बाण.” बाण. “प्राण.” प्राण. “आता जीभ तिथंच ठिवा, हलवू नका.” जीभ तिथंच ठेवून मी किती वेळ बसलो होतो मला ठाऊक नाही, पण तेवढ्यात आमच्या शाळेचे मुख्याध्यापक आपल्या नातवाचा कीबोर्ड घेऊन दुकानात आले. मी रजेच्या अर्जात ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहिलं होतं. त्यांनी माझ्या घशात रोखलेली विजेरी बघितली, ‘काळजी घ्या’ म्हणाले आणि कीबोर्ड न ठेवताच गेले.

गुरुवारी दुपारी ‘ण’ आला. मी साडूंना मिठी मारली. एरवी आमच्यात फक्त दसऱ्याला मिठी होते. मग उरला आण्णांचा स्वतःचा आवाज, तो खरखरीत गोडवा आणि शेवटचं फाटणं. साडू लाल टोपण केसभर फिरवायचे, ऐकायचे, परत मागं घ्यायचे. जेवायला बोलावलं तर ‘आलो’ म्हणायचे आणि तो ‘आलो’सुद्धा आण्णांच्या आवाजात म्हणून बघायचे. आक्कानं त्या आठवड्यात न सांगता मिक्सर बंद ठेवला आणि पाट्यावर चटणी वाटली. मी शाळेतून सुटलो की घरी न जाता तिकडं पळायचो. फळ्यावर लिहिताना माझ्या डोक्यात ये गं बाय ये, ये गं बाय ये असं चाललेलं असायचं. शनिवारी संध्याकाळी साडूंनी हाक पूर्ण जोरात सोडली. रस्त्यानं किटली घेऊन चाललेले एक रतीबवाले आजोबा जागच्या जागी थांबले, दारात आले आणि म्हणाले, “आण्णांचा आवाज आला म्हणायचा. बरं झालं बाबा.” साडूंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. “काटा किर्र, मास्तर,” ते हळूच म्हणाले.

रविवारी सकाळी ते धूड आम्ही दोघांनी उचलून आण्णांच्या अंगणात नेलं आणि फाटकाशेजारी ठेवलं. काकी देवीला गेल्या होत्या. आण्णा बादली घेऊन उभे राहिले. साडूंनी पट्टी दाबली. “हरणे, ये गं बाय ये.” आण्णांचा हात नकळत मफलरवर गेला. आपला आवाज आपल्या बाहेरून, दुसऱ्याच ठिकाणाहून येतोय, हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. हरणीनं मात्र एक कान हलवला आणि रवंथ करत राहिली. साडूंनी परत दाबली. परत. मी मोजत होतो, आठ वेळा आण्णांनी हरणीला हाक मारली आणि आठही वेळा ती आमच्याकडे, म्हशी बघतात तशी, काहीही न बघता बघत राहिली. आण्णा जवळ गेले तर तिनं पाय उचलला. त्यांनी बादली खाली ठेवली, साडूंपाशी आले आणि त्यांच्या पाठीवर थोपटलं. टेम्पो उद्या सकाळी येणार होता.

मशीन उचलून आम्ही परत दुकानात आणलं आणि दुपारी साडूंच्या घरी जेवायला बसलो. समोर आक्का बोलत होती तरी साडूंचं तिच्या ओठांकडे लक्ष नव्हतं. त्यांनी फोन काढला आणि दोन वर्षांपूर्वीचं ते मूळचं, न निवडलेलं टिपण लावलं, मिक्सरसकट. आम्ही तिघं ऐकत बसलो. आधी फाटकाची कडी वाजली, मग मिक्सर, मग ‘ख्खंहं’ असा एक जाडसर आवाज, मग हाक. “हे मधलं काय?” मी विचारलं. साडू म्हणाले, “त्यो कचरा. घसा साफ केलाय, काढून टाकला मी त्यो.” भात उपसणारी आक्का हातातला डाव तसाच धरून वळली. “काढून टाकला? आवो, आण्णा खाकरल्याबिगर कंदी अंगणात शिरल्यात व्हय? आदी खाकरत्यात, मग हाक.”

आमच्याकडची जुनी माणसं बाहेरून आली की दारात खाकरतात. आत बायामाणसं असतात, त्यांना कळावं, कुणी पदर सावरावा, कुणी वाट द्यावी, म्हणून. ते बोलण्यात धरत नाहीत. मराठी शिकवण्यात माझी हयात गेली, पण ते बोलणं आहे असं माझ्याही मनात कधी आलं नाही, मग ज्यानं प्रत्येक आवाज पाखडून घेतला त्या साडूंना कसं यावं? आठवडाभर आम्ही दोघांनी ‘ण’साठी जिभा मोडल्या आणि हरणी ज्या आवाजावर कान लावून बसायची तो सुपातून बाहेर टाकला होता. साडू जेवणाच्या ताटावरून उठले. ‘ण’ला तीन दिवस लागले होते, खाकरणं दोन तासांत झालं, नुसता खरखरीत वारा, मध्ये एक अडकणं आणि परत वारा. संध्याकाळच्या धारेची वेळ गाठायची म्हणून आम्ही मशीन उचलून मागच्या गल्लीपर्यंत अक्षरशः पळत गेलो.

आण्णा गोठ्यात स्टुलावर बसले होते, हरणीपासून हातभर लांब, नुसतेच. आम्हाला बघून त्यांनी हातानं ‘आता राहू दे’ असं सांगितलं. साडूंनी ऐकलं नाही. त्यांनी पट्टी दाबली. मशीन खाकरलं. हाक अजून यायची होती, आणि हरणीनं मान वळवली. सगळी मान, शिंगांसकट, फाटकाकडे. मग हाक आली आणि हरणी हंबरली. मी आयुष्यात पुष्कळ हंबरणी ऐकली आहेत, पण त्या वेळी मला रडू फुटलं, आणि ते मी लपवलंही नाही. आण्णांनी पुढं होऊन तिच्या कासेला हात घातला. तिनं पाय उचलला नाही. पहिली धार बादलीत वाजली तेव्हा साडू जमिनीवरच बसले.

तेवढ्यात घरातून काकी आल्या. डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या. भराभर चालत त्या अंगणाच्या मध्यापर्यंत आल्या आणि तिथं थबकल्या. एकदा गोठ्यात बसलेल्या आण्णांकडे बघितलं, एकदा फाटकापाशी ठेवलेल्या मशीनकडे. “खाकरल्यालं ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “पाणी घिऊन आलो.” मग साडूंमधला तो खुळा माणूस उसळून वर आला. त्यांचे डोळे चमकायला लागले. “काकी, आण्णा तुमास्नी हाक कशी मारायचे सांगा. आत्ता बसवून देतो. म्हशीला बोलवतंय तर तुमास्नी का न्हाय?” काकींनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला. “मला कुठं हाक मारत हुते,” त्या म्हणाल्या. “खाकरायचे. मी यायचो.”

सोमवारचा टेम्पो रिकामा गेला. मशीन आता आण्णांच्याच अंगणात असतं, फाटकापाशी, वर पत्रा आणि त्यावर पोतं. जी पट्टी दाबायची तिच्यावर काकींनी हळदीकुंकू लावलंय. साडूंनी ते परत मागितलं नाही, आणि नवं काही त्याच्याकडून बोलवूनही घेतलं नाही. त्या संध्याकाळपासून लोकांच्या तोंडाकडे बघताना ते जरा दमानं बघतात, बोलायच्या आधी माणूस थांबतो तेवढा वेळसुद्धा बघतात. सकाळ-संध्याकाळ आण्णा बादली घेऊन येतात, पट्टी दाबतात, मशीन खाकरतं, हाक मारतं, हरणी हंबरते आणि काकी तांब्या घेऊन बाहेर येतात. एकदा साडूंनी त्यांना समजावूनही बघितलं, “काकी, ती मशीन हाय. हरणीपुरती हाय. दर बारीला तुमी उठून यायचं कारण न्हाय.” काकी म्हणाल्या, “ठावं हाय की मला,” आणि त्यांनी तांब्या पुढं केला. आण्णांनी तो घेतला आणि उभ्यानंच सगळं पाणी प्यायले.